दुधाची गाडी जाते का?

आमच्या भोसरीच्या एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी गुरुवारी. जगाचा रविवार असतो तेव्हा मी जमाखर्चाच्या नोंदी करत बसलेली असते आणि जग कामाला जातं तेव्हा मी मोकळी. लग्नकार्यांच्या दृष्टीने ही सुट्टी अगदीच बिनकामाची; पण सायकल घेऊन मावळात जायला याहून चांगला वार नाही. चिंचवडला सकाळची लोणावळा लोकल, सायकल मालडब्यात, तिचं वेगळं तिकीट पाकिटात. कान्हे किंवा कामशेतला उतरलं की पश्चिमेकडे तोंड करायचं. सहा वर्षं झाली.

सायकल ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात त्या जातीची. शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर चाळीस मिलिमीटर रुंद आणि खाचांचे. डांबरावर बऱ्यापैकी पळते, मुरमावर डगमगत नाही. ही घ्यायला मला भाच्याने भरीला घातलं. त्याने परदेशातले व्हिडिओ दाखवले: पांढऱ्या बारीक खडीचे सरळसोट रस्ते, दोन्हीकडे गव्हाची शेतं. मी म्हटलं, “असले रस्ते आपल्याकडे आहेत कुठे?” तो म्हणाला, “मावशी, आपल्याकडे असलेच रस्ते आहेत.”

मावळ तालुका नकाशावर पाहिला तर सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे उतरणारी तीन खोरी ठळक दिसतात. उत्तरेला आंद्रा नदीचं अंदर मावळ, मध्ये कुंडलिकेचं नाणे मावळ (ही कुंडलिका वेगळी; रायगड जिल्ह्यातली, जिच्यात लोक राफ्टिंग करतात, ती नव्हे) आणि दक्षिणेला पवनेचं पवन मावळ. तिन्ही खोऱ्यांत पाणी अडवलेलं आहे: ठोकळवाडी, वडिवळे, पवना. म्हणजे कुठल्याही खोऱ्यात शिरलं तरी एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला तळं आणि डोक्यावर डोंगराची धार. या तिन्ही खोऱ्यांत हिंडताना वहीत जे टिपत गेले, त्यातलं काही इथे देते. उपयोगाचं वाटलं तर घ्या.

१. ‘रस्ता कसा आहे?’ असं विचारू नये.

उत्तर ठरलेलं असतं: “चांगलाय की!” सांगणारा खोटं बोलत नसतो. तो त्या रस्त्याने रोज चालतो, डोक्यावर भारा घेऊन चालतो. त्याच्या मते रस्ता चांगलाच असतो. ‘किती लांब?’ हेही विचारू नये. “हे काय, त्या आंब्यापाशी वळलं की आलंच.” आंबा येतो, वळण येतं, गाव येत नाही.

योग्य प्रश्न मला टाकव्याच्या एका चहाच्या टपरीवर सापडला. मी नेहमीप्रमाणे “रस्ता कसा आहे” विचारलं, तर टपरीवाल्या काकांनीच उलट विचारलं, “कशाला कसा? दुधाची गाडी जाते. एसटी नाही जात.” एवढ्या सहा शब्दांत मला सगळा रस्ता दिसला. तेव्हापासून मी एकच विचारते: या वाटेने काय काय जातं?

एसटी जाते म्हणाले, तर डांबर आहे, खड्ड्यांसकट. दुधाची गाडी जाते म्हणाले, तर दाबलेला मुरूम, बऱ्यापैकी उतार, ओढ्यावर फरशी. ग्रॅव्हल सायकलला याहून जास्त काही लागत नाही. नुसता ट्रॅक्टर जातो म्हणाले, तर दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा. एकदा चाकोरीत शिरलं की बाहेर पडायचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. मोटरसायकल जाते म्हणाले, की मनाची तयारी करावी, कारण गावातली पोरं मोटरसायकल कुठूनही नेतात. “म्हशी जातात” असं उत्तर आलं, तर काकांना नमस्कार करून मागे फिरावं. मी एकदा फिरले नाही. त्या दिवशी सायकल माझ्यावर जास्त वेळ बसली होती.

२. रस्त्याला वय असतं.

गावाच्या तोंडाशी कामाची पाटी असते: योजनेचं नाव, लांबी, रक्कम आणि ‘खडीकरण करणे’ किंवा ‘मजबुतीकरण व डांबरीकरण करणे’. ही पाटी मी आता देवळातल्या देणगीदारांच्या यादीइतक्याच भक्तिभावाने वाचते. खडीकरण नुकतंच झालेलं असेल आणि वर मुरूम पडून रोलर फिरलेला नसेल, तर तो रस्ता सायकलीचा शत्रू. मुठीएवढे दगड सुटे पडलेले, चाक कुठल्या बाजूला घसरेल याचा नेम नाही. माझं उजवं कोपर अशाच एका रस्त्यावर फुटलं.

तोच रस्ता मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून झाला की महिनाभर गालिचा असतो. टायरखाली बारीक करकर आवाज येतो आणि तेवढाच. मग एक पावसाळा जातो. मुरूम वाहून ओढ्याला लागतो, खाली दडलेली खडी दातांसारखी वर येते. दुसरा पावसाळा गेला की कडेने पाण्याने घळी पाडलेल्या असतात आणि लोक रस्ता सोडून शेजारच्या माळावरून चालायला लागतात. तिथे नवी पायवाट पडते. सायकलीने या पायवाटेनेच जावं. ज्यांना रोज जायचं असतं त्यांनी निवडलेली ओळ चुकत नाही.

३. कोंडिवडे दोन आहेत.

हा धडा माझ्या नेहमी लक्षात राहील. नाणे मावळात कोंडिवडे आहे आणि अंदर मावळातही कोंडिवडे आहे. सातबाऱ्यावर आणि पाट्यांवर गावाच्या पुढे कंसात ‘ना. मा.’ किंवा ‘आं. मा.’ लिहितात. ते का लिहितात, हे मला कळेपर्यंत उशीर झाला होता.

भाचा आणि त्याचे दोन मित्र कामशेतहून पुढे निघाले होते. मी मागाहून कान्ह्याला उतरले आणि फोनमध्ये ‘कोंडिवडे’ टाकलं. फोनने मला प्रामाणिकपणे कोंडिवड्याला नेलं. टाकवे ओलांडून, भोयऱ्याच्या बाजूने, छान रस्त्याने. देवळाच्या पारावर बसून मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, आम्हीपण देवळापाशीच आहोत.” मी म्हटलं, “मग दिसत कसे नाही?” दहा मिनिटं आम्ही एकमेकांना देवळाचा रंग सांगत होतो. शेवटी पारावरच्या एका आजोबांनी फोन मागून घेतला आणि विचारलं, “पोरा, तुझ्या उजव्या अंगाला डोंगर हाय का डाव्या?” उत्तर ऐकलं, फोन मला परत दिला आणि म्हणाले, “त्ये पल्याड. नाणे मावळात.” आमच्या मध्ये डोंगराची अख्खी रांग उभी होती.

‘ओलांडता येईल का?’ असं मी विचारलंच. आजोबांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “म्हशी जात्यात,” म्हणाले.

४. टायरमध्ये हवा कमी ठेवावी.

पंपवाला मुलगा सायकलच्या टायरला दगडासारखं करून देतो आणि त्याला वाटतं आपण उपकार केले. रुंद टायरला ते नको. माझं वजन साठ किलोच्या आसपास. मी ट्यूबलेस टायरमध्ये तीस ते पस्तीस पीएसआय ठेवते. खडी आली की आणखी थोडी सोडते. हवा कमी असली की टायर दगडाला धरून ठेवतो, टण्णकन उडत नाही. हवा कमी केली त्या दिवशी हातांना मुंग्या येणं थांबलं. एवढंच सांगायचं होतं.

५. भाताचं वेळापत्रक पाठ करावं.

मावळात ऋतू कॅलेंडरवरून नाही, भातावरून ओळखावा. जूनमध्ये पेरलेली रोपं वर येतात, मग चिखलणी, मग लावणी. या दिवसांत पाणंदीतून सायकल घालणं हा मूर्खपणा तर आहेच, पण उद्धटपणाही आहे. सगळी वाट त्यांच्या बैलांना, पॉवर टिलरला आणि रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन चाललेल्या बायांना लागते. आणि तो चिकण चिखल! चाक आणि फ्रेम यांच्या मधल्या जागेत तो असा बसतो की चाकच फिरत नाही. पहिल्या वर्षी मी शंभर पावलं चालायची, काडीने चिखल काढायची, परत शंभर पावलं. एका बांधावरून लावणीच्या बायका ते पाहत होत्या. त्यांतली एक ओरडली, “अगं, त्यापरीस खांद्यावर घे की तिला!” घेतली. पावसाळ्यात मी आता डांबर सोडत नाही.

दसरा उलटला की दिवस खरे. वाट अजून ओलसर, त्यामुळे धूळ नाही. पिवळं पडलेलं भात, बांधावर सोनकी. कापणीनंतर खाचरं रिकामी होतात आणि बांधाबांधाने जाणाऱ्या कितीतरी वाटा मोकळ्या होतात. जानेवारीपर्यंत पहाटे हात गारठतात.

मार्च-एप्रिलमध्ये राब भाजतात. रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा आणि माती यांचे थर देऊन पेटवून देतात. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते. सगळ्या खोऱ्यावर सकाळी निळसर धूर साचलेला असतो. फोटोला फार छान दिसतो. छातीला चढावर तितका छान लागत नाही. पहिल्या वर्षी मी एका शेतकऱ्याला पर्यावरणाबद्दल चार शब्द ऐकवले होते. त्याने शांतपणे विचारलं, “ताई, तुमची गाडी किती ॲव्हरेज देते?” मी विषय बदलला.

मेमध्ये करवंदं. मेच्या अखेरीस, वळवाच्या एखाद-दुसऱ्या सरीनंतर, झाडांवर काजवे. काजव्यांसाठी सायकलीचा दिवा बंद करून थांबावं लागतं, आणि अंधारात तापलेल्या रस्त्यावर घोणस पसरलेली असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर असतात.

६. आपल्या बाटलीतलं पाणी कुठलं, हे माहीत असावं.

पवना धरण सत्तरच्या दशकात झालं. तिकोना आणि तुंग हे दोन किल्ले पाण्यावर पहारा देत असल्यासारखे उभे आहेत. तिकोनापेठेहून मोरव्याकडे जाताना पाणी डावी-उजवीकडे खेळत राहतं. शनिवार-रविवारी या काठाला तंबू, शेकोट्या आणि स्पीकर असतात. गुरुवारी बगळे असतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं आणि काठ उघडा पडतो. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असलेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर वर येतं. मी एकदा त्या दिवसांत काठाने गेले. भेगाळलेला गाळ सायकलीला चांगला लागतो. वरून टणक, खाली लवचिक. थोडं पुढे गेल्यावर चाकाखालचा आवाज बदलला. खाली पाहिलं तर एका रेषेत दगड बसवलेले होते. रस्ता होता तो. दोन्ही कडांनी जोत्यांच्या रेघा. कुणाचं घर, कुणाचा गोठा, कुठे वळण. धरणाने गावं उठवली हे वाचून माहीत होतं. गावाच्या रस्त्यावरून सायकल चालवत होते आणि रस्ता सरळ पाण्यात जात होता. चाक पाण्याला लागलं तिथे उतरले.

काठावर म्हशी धुणाऱ्या एका माणसाने विचारलं, कुठल्या? मी म्हटलं, चिंचवड. तो हसला. “मग आमचंच पाणी पिता की!” खरंच होतं. पवनेचं पाणी नदीतून खाली येतं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि आमच्या नळाला येतं. ते धरणातूनच थेट बंद जलवाहिनीने न्यायचं ठरलं, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर आंदोलनात गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. त्या दिवशी मी ऑफिसात होते आणि मला आठवतं ते इतकंच की मुंबईहून येणारा आमचा माल उशिरा पोचला. त्या माणसासमोर मी बाटली उघडली नाही. तहान लागली होती तरी.

७. हँगर जवळ बाळगावा.

मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राला, फ्रेमशी जोडणारा बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो. त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम नाजूक केलेला असतो, म्हणजे सायकल आपटली तर तो मोडतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा, दुसऱ्याचा बसत नाही. सायकल घेताना मी एक जादा मागितला होता. दुकानदार म्हणाला, “मॅडम, लागणार नाही.”

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारा पंधराएक किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. हे आमचं शिखर. ज्याने तो एकदा केला तो पुढे वर्षभर सांगतो. दगड, धूळ, रान, ओढे, आणि शेवटी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले एकदम समोर येतात. मला ते त्या दिवशी दिसले नाहीत. निम्म्या वाटेत एक फांदी डिरेलरमध्ये अडकली, कट् असा आवाज झाला आणि सगळं यंत्र चेनला लोंबकळायला लागलं. सुट्टीच्या दिवशी या वाटेवर जीपगाड्यांची रांग असते. गुरुवारी कोणी नव्हतं. सात किलोमीटर मी सायकल ढकलत परत आले. उतारावर तिच्यावर बसून, चढावर खाली उतरून, लहानपणच्या ढकलगाडीसारखी. आता पिशवीत हँगर आहे, चेन तोडायचं अवजार आहे आणि जोडकडी आहे. तेव्हापासून काही मोडलेलं नाही, अर्थात.

८. कुत्र्यांपुढे पळू नये. सायकलवरून उतरावं, सायकल मध्ये धरावी आणि कुत्र्याशी मोठ्याने मराठीत बोलावं. काय बोलता याला महत्त्व नाही. मी त्यांना जीएसटीबद्दल सांगते.

९. मोठं दातेरी चाक घ्यावं.

दुधिवरे खिंड असो की तिकोन्याच्या बाजूने कोळवण खोऱ्यात उतरून परत वर येणं असो, हे चढ लहान दिसतात आणि संपत नाहीत. पुढच्या चाकाला चाळीस दात आणि मागच्या सगळ्यांत मोठ्या चाकाला बेचाळीस, ही माझी जुळणी. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात मागचं चाक एकदाही पुरतं फिरत नाही. भाचा याला ‘आजीचा गिअर’ म्हणतो. सत्तेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांनी या नावाला हरकत घेतलेली नाही.

१०. जेवण आधी सांगून ठेवावं.

अंदर मावळात आणि नाणे मावळात आत गेल्यावर हॉटेल नावाची वस्तू विरळ. जाताना एखाद्या घरी सांगून ठेवलं की येताना तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि भात तयार असतो. भात इंद्रायणीचा. हे वाण इथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं आणि १९८७ मध्ये बाहेर आलं. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. आंबेमोहोराचा वास आला आणि उत्पन्नही वाढलं. शिजल्यावर चिकट होतो म्हणून शहरातले लोक नाकं मुरडतात. साठ किलोमीटर सायकल चालवून आल्यावर चुलीवरचा तो चिकट भात वर गूळवणीसारखं पातळ वरण घालून खावा, मग नाक मुरडावं. पैसे विचारून द्यावेत. “असू द्या” म्हणाल्या तर घरातल्या पोराच्या हातात द्यावेत.

११. कड्यापर्यंत जावं, पण एकदाच पुरे असं समजू नये.

अंदर मावळाचा रस्ता डाहुली, कुसूर करत कड्यापाशी संपतो. आधी बराच वेळ ठोकळवाडीचं पाणी सोबत करतं. हे टाटांचं धरण, १९२२ सालचं. आंद्रा नदी पूर्वेकडे वाहणारी. तिचं पाणी मात्र डोंगरातून पश्चिमेला वळवून खाली कोकणात भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. कंपनीचं नाव इंग्रजी स्पेलिंगच्या कृपेने ‘आंध्रा व्हॅली’ झालं आणि पुढच्या पिढ्यांना वाटत राहिलं की तिचा आंध्र प्रदेशाशी काही संबंध असावा. कुसूरच्या पुढे जुनी घाटवाट भिवपुरीकडे उतरते. सायकल तिथे गवतात आडवी टाकायची आणि कड्यापाशी बसायचं. खालून वारा येतो. ढग असेल तर काहीच दिसत नाही. चार वेळा गेले, त्यांतल्या तीन वेळा ढग होता.

परतीची लोकल मात्र वेळापत्रकात बघून ठेवावी. दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात आणि कान्ह्याच्या फलाटावर सावली त्याहून विरळ.

१२. आवडलेली वाट मोठ्याने सांगताना जरा थांबावं.

नाणे मावळात एक ठाकरवाडी आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना विचारलेलं नाही. शेवटच्या गावानंतर डांबर संपायचं आणि पुढे चार किलोमीटर तांबड्या मुरमाची वाट, करवंदीच्या जाळ्यांतून, दोन ओढे ओलांडत, वर चढत जायची. तीन खोऱ्यांत मी पाहिलेली सगळ्यांत सुंदर वाट. माझ्या वहीत तिच्यापुढे तीन चांदण्या होत्या. पहिल्यांदा गेले तेव्हा वाडीतल्या पहिल्या घरापाशी पाणी मागितलं. आज्जीने तांब्या दिला, दारात बसायला पोतं टाकलं. “कुटं चाललीस गं बाई, एकटीच?” मी म्हटलं, कुठे नाही, रस्ता छान आहे म्हणून आले.

“रस्ता?” आज्जी म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुला बरा वाटला व्हय?”

त्या वाटेने दुधाची गाडी येत नव्हती. श्रावणात मोटरसायकलही नाही. तिच्या थोरल्या सुनेला कळा लागल्या तेव्हा बांबूला गोधडीची झोळी बांधून चौघांनी तिला डांबरापर्यंत उतरवायला घेतलं. पहिल्या ओढ्याला पाणी होतं. दुसऱ्या ओढ्यापाशी मूल झालं. “ह्यो बघ,” आज्जीने अंगणातल्या एका पोराकडे बोट केलं. तो माझ्या सायकलची घंटा वाजवत होता. नंतर मी ती वाट अनेकदा केली, पण आमच्या ग्रुपवर टाकायला लिहिलेलं तिचं वर्णन मी पाठवलं नाही. त्यात ‘अस्पर्श’ असा शब्द होता.

गेल्या दिवाळीनंतर गेले तर डांबर संपतं तिथे पाटी होती आणि पाटीपुढे सिमेंटचा रस्ता. ओढ्यांवर साकव. करवंदीच्या जाळ्या दोन्हीकडून छाटलेल्या. सिमेंटच्या सांध्यांवर चाक दर पाच-सहा मीटरला टक् करायचं आणि ऊन खालूनही लागायचं. आज्जी दारातच होती. मी सवयीने विचारलं, “काय आज्जी, आता काय काय जातं रस्त्यावरनं?”

“दुधाची गाडी येती. साळंची येती. मागल्या म्हयन्यात रातच्याला ॲम्ब्युलन्स आलती, धाकलीसाठी. हितं दारापत्तर.”

ते चार किलोमीटर मी वहीतून खोडले. चढ मात्र होता तेवढाच आहे.